मागं काय उरलं, हे विचारणाऱ्या वाडीकर मॅडम

गौरवग्रंथात गाऱ्हाणं मांडू नये असा संकेत आहे आणि तो मला मान्य आहे. तरीही प्रा. इंदुमती वाडीकर यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त लेखणी उचलताना प्रथम माझ्या पायमोज्यांविषयी बोलणं मी माझं कर्तव्य समजतो. गेल्या बावीस वर्षांत या विदुषींच्या सहवासात माझे किमान चौदा जोड मोजे कामी आले. त्या सर्वांना वीरमरण आलं ते एकाच रणभूमीवर, लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावच्या गायरानात. तिथं कुसळी नावाचं गवत आहे. त्याचं बी म्हणजे शेपूट असलेली सुई. ती मोज्यात शिरते, गोल फिरते आणि पोटरीकडे प्रवासाला निघते. मॅडम माळावर चपला काढून अनवाणी चालतात, कारण चपलेच्या तळाला दुसऱ्या रानाची माती आणि बी चिकटून येतं. मला अनवाणी जमत नाही, म्हणून मोज्यांवर तडजोड झाली. बरं, कुसळं उपटून वाटेल तिथं टाकण्याचीही मुभा नाही. "शास्त्री, इथलं बी इथंच काढा. बांधापलीकडं न्यायचं नाही," असा दंडक. तेव्हा संस्कृतचा एम.ए., एका दैनिकाचा वार्ताहर आणि दोन मुलांचा बाप असा मी दगडावर बसून मोज्यातली कुसळं वेचतो आहे आणि एक ज्येष्ठ प्राध्यापिका ती मोजून वहीत लिहिताहेत, हे दृश्य आमच्या पंचक्रोशीनं अनेकदा पाहिलेलं आहे. तो आकडा त्यांना कशाला हवा असतो, हे मी आजवर विचारलेलं नाही. उत्तर खरंच मिळेल अशी भीती वाटते.

आमची पहिली ओळख पोस्टकार्डावर झाली. मी नुकताच वार्ताहर झालो होतो. त्या उन्हाळ्यात गायरानाला आग लागली. मी मोटरसायकलवरून काळा पडलेला माळ पाहिला आणि घरी येऊन बातमी लिहिली: 'अग्नितांडवात गायरान समूळ नष्ट, निसर्गाची अपरिमित हानी.' बातमी छापून आली, चारचौघांनी पाठ थोपटली. चौथ्या दिवशी कार्ड आलं. सुवाच्य अक्षरात मोजका मजकूर होता. 'आपली बातमी वाचली. समूळ म्हणजे मुळासकट, असं मी शाळेत शिकले. मुळं मी पाहिली, ती जिवंत आहेत. आपण उकरून पाहिलं होतंत का?' खाली सही आणि 'वनस्पतिशास्त्र विभाग'.

संस्कृतच्या माणसाला वनस्पतिशास्त्राच्या माणसानं शब्दार्थ सांगावा, हे मला झोंबलं. खुलासा करायला म्हणून मी कॉलेजात गेलो, तर त्यांनी मला थेट माळावरच नेलं. तिथं एका जळक्या ठोंबापाशी उकिडवं बसून त्यांनी खुरप्यानं राख बाजूला केली. बोटभर खाली पांढरट, ओला, जिवंत कोंब होता.

"हानी झाली असं लिहिलंत. कुणाची? नावं सांगा," मॅडम म्हणाल्या.

"गवताची," मी म्हणालो.

"मग हे काय आहे?"

"पक्ष्यांची तरी झालीच असेल."

"झाली. चंडोलाची तीन घरटी गेली, अंड्यांसकट. मी पाहिली. ते लिहायला हवं होतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. आणि टिटवी कालपासून या काळ्या जागेत फिरतेय, तिला मोकळी जमीनच लागते. तेही लिहिलं नाहीत."

मी वही काढून दोन्ही लिहून घेतलं. वार्ताहराच्या आयुष्यात हे क्वचित घडतं, म्हणून नोंदवतो.

पर्यावरणशास्त्रात ज्याला विक्षोभ म्हणतात, तो मी त्या दिवशी राखेत उभा राहून शिकलो. चाललेली घडी एकाएकी मोडते, जिवंत असलेलं काहीतरी काढून घेतलं जातं आणि जागा मोकळी होते, अशी कोणतीही घटना म्हणजे विक्षोभ. आग, पूर, वादळ, मेंढराचा खूर, रानडुकरानं उकरलेली जमीन. ती चांगली की वाईट हे त्या नावात लिहिलेलं नसतं. ते कळण्यासाठी मॅडम प्रश्न विचारतात. किती मोडलं? किती दिवसांनी पुन्हा मोडतं? वर्षाच्या कुठल्या वेळी? कुणाचं गेलं आणि कुणाची सोय झाली? आणि मागं काय उरलं? या शेवटच्या प्रश्नापाशी त्या थांबतात. वर्गात असोत की माळावर, उत्तर येईपर्यंत पुढचं वाक्य बोलत नाहीत. त्यांचे विद्यार्थी सांगतात की एकदा घंटा झाली, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले, तरी मॅडम तशाच शांत उभ्या होत्या.

'विक्षोभ' हा शब्द मला तत्काळ आवडला. उपसर्ग, धातू, सगळं यथास्थित. मी त्यावर तिथंच पाच मिनिटं निरूपण केलं. त्या वेळी सिदाप्पा शेजारी काठीवर हनुवटी टेकून उभे होते. सिदाप्पा म्हणजे आमच्या गावचे धनगर; त्यांच्या वडिलांपासून त्यांची मेंढरं याच गायरानात चरतात. माझं निरूपण संपल्यावर ते म्हणाले, "म्हंजी इस्कोट."

"हो, तेच," मॅडम म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या.

मॅडमच्या कामाची जागा म्हणजे याच गायरानातले दोन तुकडे. ग्रामपंचायतीच्या संमतीनं त्यांनी तीसेक वर्षांपूर्वी दीड एकराभोवती कंबरेइतका दगडी बांध घालून घेतला. त्याच्या आत गुरं नाहीत, मेंढरं नाहीत, विळा नाही. हा बंद पट्टा. त्याला लागूनच तेवढाच खुला पट्टा, चार कोपऱ्यांना चार दगड, बाकी सगळी सिदाप्पांच्या कळपाची वहिवाट. दरवर्षी पाऊस सरत आला की मॅडम एक मीटर लांबीरुंदीची लाकडी चौकट घेऊन दोन्ही पट्ट्यांत बसतात आणि चौकटीत कोण कोण उगवलंय ते मोजतात. निवृत्तीनंतर कॉलेजनं निरोप दिला, चौकटीनं दिला नाही.

पहिली काही वर्षं बंद पट्टा बघण्यासारखा होता म्हणे. कंबरभर गवत, वाऱ्यावर लाटा. पाहुणे येत, फोटो काढत, मॅडमचं अभिनंदन करत. मॅडमही खूश होत्या, हे त्या स्वतः कबूल करतात. मग हळूहळू आतलं चित्र पालटलं. एकदोन जातींच्या गवतांनी सगळी जागा बळकावली. जुनं गवत वाळायचं, आडवं पडायचं, त्याची गादी व्हायची. बुटक्या वनस्पतींना ऊनच मिळेना. विष्णुक्रांता नावाची एक वेल आहे, जमिनीसरपट, शर्टाच्या बटणाएवढं निळं फूल. ती बंद पट्ट्याच्या वहीतून आधी कमी झाली आणि मग गेलीच. बाहेर, जिथं मेंढरं रोज तुडवत होती, तिथं ती मजेत होती. मात्र जनावरांच्या पाण्याच्या हौदापाशी, जिथं दिवसभर खुरांचा चिखल असतो, तिथंही ती नव्हती. तिथं काहीच नव्हतं.

हे ऐकून माझ्या जिभेवर एक सुभाषित आलं. मॅडमनी हात वर केला. "ते मनातल्या मनात म्हणा, शास्त्री. या माळावर असं दिसलं. दुसऱ्या माळावर वेगळं दिसेल. तिथं जाऊन मोजा, मग मोठ्यानं म्हणा." मी अद्याप दुसऱ्या माळावर गेलेलो नाही. सुभाषित तसंच आहे.

आपणच घातलेल्या बांधानं आपल्या आवडत्या फुलाला हद्दपार केलं, हे त्यांनी लपवलं नाही. विद्यार्थ्यांना त्या बंद पट्टा दाखवायला नेतात तेव्हा पहिलं वाक्य तेच असतं: "मला वाटलं होतं, हात न लावणं म्हणजे जपणं. इथं माझं चुकलं." मग कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम, मग बांध का काढत नाही? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "चूक किती लांब जाते तेही कळायला नको?"

या बांधाची खरी परीक्षा एका दुष्काळात झाली. खुल्या पट्ट्यात दगड उरले होते. बांधाच्या आत वाळलेलं का होईना, गवत उभं होतं. सिदाप्पा मॅडमच्या दारात आले. तो प्रसंग मला सिदाप्पांनीच सांगितला.

"म्या म्हनलं, मॅडम, आठ दिस आत सोडा. मेंढरं मरायलीत. बाईच्या डोळ्याला पानी आलं. पन न्हाई म्हनल्या. आमी बी उठून आलाव. मनात म्हनलं, गवात मोठं झालं माणसापरीस. तिसऱ्या दिशी बगताव तर टेम्पो दारात. कडबा भरून. त्यांच्या भावाच्या रानातला. मॅडम स्वताच पेंढ्या उतरवायलाल्या."

मेंढी ज्वारीचा कडबा फारशा आवडीनं खात नाही, हे मॅडमना ठाऊक होतं. म्हणून त्या कॉलेजच्या मुलांना घेऊन बाभळीच्या शेंगा गोळा करत आठवडाभर ओढ्याकाठी हिंडत होत्या, हे सिदाप्पांना पुढं कळलं. पाऊस येईपर्यंत कळप तगला. बंद पट्टा बंदच राहिला. तेव्हापासून या दोघांत एक करार आहे, ज्याचा मसुदा कुणी केलेला नाही. मॅडम आत खूर येऊ देत नाहीत आणि बाहेर खूर आणण्याचा जिम्मा सिदाप्पांचा. "तुमी गवात मोजताव, माझी मेंढरं गवात खात्यात," ते एकदा मॅडमना म्हणाले, "दोगाचं बी पोट त्याच्यावरच." मॅडम इतक्या मोकळ्या हसताना मी फार वेळा पाहिलेल्या नाहीत.

विक्षोभ हा विचार सोयीस्करपणे वापरता येतो, हेही मी माझ्याच करणीनं पाहिलं. मॅडमच्या कामावर मी एक लेख लिहिला, त्यात 'माळ मोडला तरच फुलतो' असं एक टाळ्याखाऊ वाक्य टाकलं. वर्षभरात एका ठेकेदारानं गायरानातला मुरूम उपसायची परवानगी मागितली आणि ग्रामसभेत माझा लेख वाचून दाखवला. "खुद्द मॅडम म्हणतात की जमीन हलवली की फायदाच होतो," तो म्हणाला. लोक मॅडमकडे बघू लागले. मी खुर्चीच्या पायाकडे बघू लागलो.

मॅडम उठल्या. "आग लागली तर मुळं राहतात. मेंढरानं खाल्लं तर मुळं राहतात. म्हणून गवत परत येतं. साहेब, तुम्ही मुरूम नेल्यावर परत यायला जागा कुठं राहील? आणि तुम्ही किती वर्षांनी थांबणार, ते कागदावर लिहून आणलंय का?"

ठेकेदार म्हणाला, "तसं काय लिवलं नाही."

"मग हा विक्षोभ नाही. हे घेऊन जाणं आहे," मॅडम म्हणाल्या आणि खाली बसल्या. परवानगी मिळाली नाही. बाहेर आल्यावर मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "वाक्य चांगलं होतं. तेच वाईट झालं."

त्यांच्या वैयक्तिक आपुलकीचं उदाहरण द्यायचं तर मला दूर जावं लागत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या दैनिकानं तालुक्याची आवृत्ती बंद केली आणि मी घरी बसलो. तोंड लपवत दोन आठवडे काढले. मग मॅडमकडे गेलो आणि उसन्या धीरानं म्हणालो, "मॅडम, हाही एक विक्षोभच समजायचा. जागा मोकळी झाली, नवं काही उगवेल." त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काही समजायचं नाही. तुमची नोकरी गेलीय. हात धुवा, जेवायला बसा." भाकरी, शेंगांची चटणी आणि वरण होतं. मी दोन आठवड्यांनी पोटभर जेवलो. पुढं त्यांनीच एका जुन्या विद्यार्थ्याला फोन करून माझी नव्या दैनिकात सोय लावली. ज्या माणसांनी आयुष्यभर एका विचाराचा अभ्यास केलेला असतो, त्यांना तो सगळीकडे चिकटवण्याचा मोह असतो. मॅडमना तो नाही. गारपिटीत पीक आडवं झालेल्या माणसासमोर त्यांनी हा शब्द उच्चारलेला मी ऐकला नाही.

आता या ग्रंथाच्या निमित्तानं घडलेला प्रकार सांगतो. तो सांगितल्याशिवाय गौरव पुरा होत नाही, आणि माझी सुटकाही.

पंच्याहत्तरीसाठी गावात समिती झाली. अध्यक्ष अण्णाराव, आमचे माजी सरपंच आणि मॅडमचे विद्यार्थी, मी चिटणीस. मॅडमच्या वयाच्या वर्षांइतकी झाडं लावायची, असं एकमतानं ठरलं. आमच्याकडे मोठ्या माणसाचा वाढदिवस आला की वर्षाला एक रोप ही रीतच आहे. ठराव मी लिहिला: 'गौरवमूर्तींना प्रिय असलेल्या स्थळी पंच्याहत्तर वृक्षांचं रोपण करण्यात यावं.' माझ्या डोळ्यांसमोर शाळेचं मागचं पटांगण होतं, जिथं मॅडम मुलांना घेऊन बसतात. 'प्रिय असलेल्या स्थळी' ही शब्दयोजना मला इतकी आवडली, की पटांगण लिहायचं राहूनच गेलं.

मे महिन्यात मॅडम डोळ्याच्या ऑपरेशनसाठी उमरग्याला गेल्या आणि तिथंच भाचीकडे विश्रांतीला राहिल्या. एका सकाळी मी धाराशिवला कोर्टाच्या आवारात बातमीसाठी उभा असताना अण्णारावांचा फोन आला.

"शास्त्री, मशीन लावलंय. लई झकास काम चाललंय. मॅडम आल्या की बगतच राहतील."

"मशीन कुठं लावलंय?"

"कुठं म्हंजी? तुमीच लिवलं की. बांधाच्या आत. पाक गचपण झालंतं बगा, वाळकं गवात निस्तं. मॅडमला या वयात कुठून साफ करनं व्हतंय?"

मिळेल त्या एसटीनं मी निघालो. पोचेपर्यंत दुपार झाली. बांध एका बाजूनं फोडलेला होता. आत दोन ओळी खड्डे, प्रत्येकाशेजारी मातीचा ढीग. तीस वर्षं ज्या जागेवर खूर पडला नव्हता, तिथं जेसीबी उभा होता. पण तो थांबलेला होता. त्याच्या बकेटीपुढं सिदाप्पा मांडी घालून बसले होते. मेंढरं बाहेर, कुत्र्याच्या राखणीत. आणि बांधावर सिदाप्पांच्या चपला नीट काढून ठेवलेल्या.

अण्णाराव समजूत घालत होते. "मामा, उठा आता. मॅडमच्या मानासाठीच चाललंय हे."

"मानासाठी?" सिदाप्पा म्हणाले. "अण्णाराव, तीस साल झाले, मला आत एक कोकरू घालू दिलं न्हाय. दुष्काळात बी न्हाय दिलं. आन तुमी हत्ती घालताव?"

"अवो, कचरा झालाय सगळा. आमी साफ करून द्यायलाव."

"आसंल कचरा. त्यांचा हाय त्यो. त्या मोजत्यात त्येला."

मशीनचा ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत होता. तो मला म्हणाला, "सायब, ह्ये बाबा सकाळधरनं उठंना गेलेत. माजं दुसरीकडं काम हाय, काय त्ये ठरवा."

मी अण्णारावांना बाजूला घेतलं आणि बंद पट्टा म्हणजे काय ते सांगितलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या या उमद्या माणसाचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. "म्हंजी आपुन काय केलं हे, शास्त्री?" ते म्हणाले. 'आपुन' हा त्यांचा मोठेपणा. ठराव माझा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उमरग्याला गेलो. मॅडम काळा चष्मा लावून बसल्या होत्या. अण्णारावांनी केळीचा घड खाली ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

"किती खड्डे?" मॅडमनी विचारलं.

"अठ्ठावीस."

"खोल किती?"

"दोन फूट. अडीच आसंल."

"मशीन आधी कुठं होतं?"

अण्णारावांनी माझ्याकडे पाहिलं. "बसस्टँडमागं. नाला साफ करायला."

"मग गाजरगवत येणार." त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "अण्णा, मला राग आलाय. वहीत रागाला रकाना नाही, म्हणून तोंडानं सांगते. आता जा तुम्ही दोघं."

त्यानंतर त्यांनी कुणाचाच फोन घेतला नाही. भाचीकडून कळलं, ते जास्त वाईट होतं. वह्यांचा गठ्ठा बांधून पोटमाळ्यावर टाकायला त्यांनी सांगितलं होतं. "बंद पट्टा बंद राहिला नाही, आता काय मोजायचं," एवढंच म्हणाल्या होत्या. त्या दिवसांत अण्णाराव आणि मी रस्त्यात एकमेकांना टाळत होतो. तीस वर्षांचं काम सत्काराच्या हौसेपायी संपवणारी समिती म्हणून आमची नोंद होणार, यात मला शंका उरली नव्हती.

जुलैत एका सकाळी सिदाप्पांचा फोन आला. "शास्त्री, या लौकर. मॅडम आल्यात. खड्ड्यात बसल्यात."

जाऊन पाहतो तर मॅडम खरोखरच एका खड्ड्यात बसल्या होत्या, मांडीवर वही, काठावर लाकडी चौकट. मागाहून कळलं ते असं: सिदाप्पा आठवडी बाजाराला म्हणून उमरग्याला गेले, आणि बाजार न करता भाचीच्या घरी पोचले. दारातूनच त्यांनी सांगितलं, की दोनच ओळी खणल्यात, पलीकडं सगळं हाय तसं हाय. मॅडम आत जायला वळल्या. तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्याला इचारताव न्हवं, मागं काय उरलं म्हनून? मग येऊन बगा की."

त्या आल्या. खड्डे बुजवायचे नाहीत, ढीग हलवायचे नाहीत, एकही रोप लावायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. वहीत नवा रकाना पडला. आता पट्टे तीन झाले आहेत: बंद, खुला आणि अण्णाचा. होय, वहीत तसंच लिहिलं आहे, 'अण्णाचा पट्टा'. अण्णाराव आधी ओशाळले. आता पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला नेतात. पंच्याहत्तर रोपं शाळेच्या पटांगणात लागली आणि त्यांना पाणी अण्णारावच घालतात. मशीनच्या चाकाच्या वाटेनं गाजरगवत आलंच, मॅडम म्हणाल्या होत्या तसं. फुलावर येण्याआधी ते उपटण्याचं काम मॅडमनी समितीच्या अध्यक्षांना आणि चिटणीसांना दिलं. हाताला खाज सुटते. तक्रार नाही.

ऑगस्टमध्ये एका ढिगाच्या उतारावर मॅडम थांबल्या आणि चौकट खाली ठेवली. मी वाकून पाहिलं. बटणाएवढं निळं फूल होतं. बांधाच्या आत विष्णुक्रांता पुन्हा उगवली होती.

"इतकी वर्षं बी मातीत झोपलं होतं!" मी म्हणालो.

"झोपलं होतं, की मशीनबरोबर आलं, की सिदाप्पांच्या पायाला लागून आलं, मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "निळं आहे. एवढंच लिहा." त्यांचा आवाज बसला होता. धुळीनं, असं त्या म्हणाल्या. आदल्याच दिवशी पाऊस होऊन गेला होता. धूळ कुठं नव्हती. त्या दुपारी मला आणि अण्णारावांना बऱ्याच दिवसांनी नीट जेवण गेलं. अण्णारावांनी तर दोनदा भात घेतला.

वाडीकर मॅडमना उदंड आणि निरोगी आयुष्य मिळो. ऑपरेशननंतर नजर स्वच्छ झाली आहे. गुडघे कुरकुरतात, पण माळापर्यंत नेतात. दोन्ही असेच साथ देत राहोत. अण्णाच्या पट्ट्याविषयी ठाम काही म्हणायला निदान वीस वर्षं लागतील, असं त्याच म्हणतात. तेवढी त्यांनी घ्यावीत, आम्ही खाज सोसू.

हीच इच्छा मी सिदाप्पांसाठी व्यक्त करतो, आणि उपचार म्हणून करत नाही. त्यांचा एक मुलगा उमरग्याहून हैदराबादकडे ट्रक घेऊन जातो, दुसरा पुण्यात असतो. दोघांनाही मेंढरं नको आहेत आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. दिवाळीनंतर कळप विकायचा असं घरात ठरलं आहे. गावात दुसरा कळप नाही. बंद पट्टा राखायला दगड आहेत, समिती आहे, आता भीतीपोटी सगळं गाव आहे. खुल्या पट्ट्यात खूर आणणारं मात्र पुढच्या वर्षी कुणी नसेल. कुणीही बांध न घालता तोही बंद होईल, आणि सगळं गायरानही. सिदाप्पांनी हे मॅडमना स्वतः सांगितलं तेव्हा मी जवळच होतो. त्या "बरं" म्हणाल्या, चौकट उचलली आणि पुढच्या जागी जाऊन बसल्या. यावर काय करायचं ते मला सुचत नाही, मॅडमनाही सुचलेलं दिसत नाही, आणि मला याची खरोखर काळजी वाटते.